फासा आणि योजना : इतिहासाधिष्ठित व्यूहखेळांतील दैवाचे स्वरूप

१

राज्यांच्या उत्कर्षापकर्षात दैवाचा वाटा किती आणि मानवी प्रयत्नाचा किती, हा प्रश्न फार जुना आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर तो भीष्मांना विचारतो, आणि उत्तरादाखल भीष्म ब्रह्मदेव-वसिष्ठांचा जो संवाद सांगतात त्यात पुरुषकाराला क्षेत्राची व दैवाला बीजाची उपमा दिलेली आहे. १५३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रिन्स' ह्या ग्रंथात मॅकिआव्हेलीने दैवाची तुलना पूर आलेल्या नदीशी केली असून, बांध मात्र पूर नसतानाच घालावे लागतात, असे सुचविले आहे. ह्या दोन्ही दृष्टान्तांत एक साम्य आहे. दैव आणि प्रयत्न ह्या परस्परांना छेद देणाऱ्या शक्ती आहेत असे दोन्ही ठिकाणी मानलेले नाही. शेत नसेल तर बीज वाया जाते. पुराचे भय नसेल तर बांधाला प्रयोजन उरत नाही.

संगणकावरील इतिहासाधिष्ठित व्यूहखेळ, म्हणजे ज्यांना सामान्यतः 'ग्रँड स्ट्रॅटेजी' खेळ म्हटले जाते ते खेळ, हाच प्रश्न नव्या रूपात पुढे आणतात. त्यांत खेळाडू एखाद्या राज्याची सूत्रे हाती घेतो आणि कित्येक पिढ्या त्याचे अर्थकारण, विवाहसंबंध, तह व युद्धे चालवितो. अशा खेळांविषयीच्या चर्चेत दोन पक्ष नेहमी आढळतात. चांगल्या योजनेवर फाशाने पाणी पाडता कामा नये, असे एका पक्षाचे म्हणणे असते; फासाच काढून टाकला तर इतिहासाची जमाखर्चाची वही होईल, असे दुसऱ्याचे. परंतु दोन्ही पक्ष 'दैव' हा शब्द जणू त्याला एकच अर्थ आहे अशा समजुतीने वापरतात, आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स ह्या संस्थेच्या 'युरोपा युनिव्हर्सालिस' ह्या खेळाची चौथी आवृत्ती २०१३ मध्ये प्रकाशित झाली. तिचे परीक्षण केल्यास असे दिसते की, दैव ह्या एका नावाखाली तिच्यात निदान तीन भिन्न गोष्टी वावरतात. पहिली योजनेला साहाय्य करते. दुसरी योजनेची परीक्षा पाहते. तिसरी मात्र दैवाच्या वेषात आलेली नियती आहे. ह्या भेदाच्या आधारे खेळाचे मूल्यमापन केले, तर त्याचे खरे बळ आणि खरा दोष ही दोन्ही स्पष्ट होतात.

२

युद्धाभ्यासाशी फाशाचा संबंध संगणकापेक्षा पुष्कळच जुना आहे. प्रशियाच्या सैन्यातील तरुण अधिकारी राइसविट्झ ह्याने वडिलांच्या युद्धपटाचा विकास करून १८२४ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत चकमकीतील हानी ठरविण्यासाठी फासे आणि निवाड्यासाठी पंच, अशी दुहेरी व्यवस्था होती. पुढे १८७६ मध्ये प्रशियाच्याच फेर्डी द्यु व्हेर्नुआ ह्या सेनाधिकाऱ्याने नियमांचे जाळे बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयाला प्राधान्य दिले. अनिश्चितता फाशाने शिकवावी की जाणत्या माणसाने, हा वाद म्हणजे व्यूहखेळांच्या इतिहासातील पहिला तात्त्विक वाद म्हणता येईल. 'युरोपा युनिव्हर्सालिस' मुळात पटावरचा खेळ होता. फ्रान्समधील फिलिप तिबो ह्यांनी रचलेला तो पट १९९३ मध्ये निघाला आणि २००० मध्ये त्यावरून संगणकीय खेळ तयार झाला. संगणक आला तेव्हा पंच गेला. नियम आणि फासा हेच काय ते उरले.

चौथ्या आवृत्तीत लढाईचा निकाल शून्य ते नऊ ह्या दहा अंकी फाशावर काही अंशी अवलंबून असतो. मारा आणि चाल अशा आलटून पालटून येणाऱ्या टप्प्यांत दोन्ही पक्षांचे फासे पडतात आणि त्यांत सेनापतीचे गुण व भूमीची अनुकूलता मिळविली जाते. वेढ्याचा फासा निराळा आहे. तो एक ते चौदा अंकांचा असून साधारणतः दर तीस दिवसांनी टाकला जातो. तोफा, सेनापती, किल्ल्याची मजबुती इत्यादींचा हिशेब त्यात धरून बेरीज वीस किंवा अधिक झाली की किल्ला पडतो. समजा, वेढा घालणाऱ्याची एकंदर अनुकूलता दहा आहे. अशा वेळी चौदांपैकी पाच अंक त्याच्या कामाचे, म्हणजे एका खेपेस यशाचा संभव सुमारे छत्तीस टक्के. अनुकूलता तशीच राहिली, तरी तीन फाशांनंतरही किल्ला उभा असण्याचा संभव सत्तावीस टक्क्यांपर्यंत, आणि पाच फाशांनंतर अकरा टक्क्यांपर्यंत खाली येतो. प्रत्यक्षात किल्ल्यातील अन्नपाणी संपत जाते तशी अनुकूलता वाढते, म्हणजे संभव याहूनही कमी होतो.

ह्या गणितावरून हे ध्यानात येईल की, असला फासा योजनेचा शत्रू नव्हे. अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट ह्यांनी १९२१ मधील आपल्या ग्रंथात धोका आणि अनिश्चितता ह्यांत भेद केला : ज्याचा संभव मोजता येतो तो धोका, ज्याचा मोजता येत नाही ती अनिश्चितता. वेढ्याचा फासा पहिल्या वर्गात मोडतो. किल्ला तीन महिन्यांत पडेल असे गृहीत धरून जो खेळाडू उरलेल्या फौजेची, पगाराची व कर्जाची व्यवस्था करीत नाही, त्याला पाचव्या महिन्यात किल्ला उभा दिसला म्हणजे तो फाशाला बोल लावतो. वस्तुतः त्याने योजना केलेलीच नसते. एका अपेक्षेला त्याने योजनेचे नाव दिलेले असते. राखीव बळ म्हणजे काय आणि ते का ठेवावयाचे, हे ह्या फाशाइतके स्पष्टपणे क्वचितच शिकविता येईल.

तथापि येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. पुढील फाशाला किल्ला पडण्याचा संभव किती, हे खेळ आकड्यात पडद्यावर दाखवितो. कोणत्याही सेनापतीला हे सुख कधी लाभले नाही. क्लाउझेविट्झच्या १८३२ मध्ये निघालेल्या 'युद्धविषयक' ग्रंथात रणांगणावरील बातम्यांच्या संदिग्धतेला मोठे स्थान आहे; खेळात ती संदिग्धता टक्केवारीत विरघळून जाते. म्हणून फाशाच्या ह्या पहिल्या प्रकारातून हिशेबी धैर्य शिकता येते, अंधारातील निर्णय शिकता येत नाही.

३

दुसऱ्या प्रकारचे दैव जन्ममरणाचे आहे, आणि खेळाची श्रेष्ठता प्रामुख्याने त्यातच आहे.

खेळाचा आरंभ ११ नोव्हेंबर १४४४ ह्या दिवशी होतो. आदल्या दिवशी, म्हणजे १० नोव्हेंबरला, काळ्या समुद्राच्या काठी वार्ना येथे ख्रिस्ती फौजांचा सुलतान दुसरा मुराद ह्याने पराभव केला होता. पोलंड व हंगेरी ह्या दोन्ही देशांचा राजा व्लादिस्लाव हा जेमतेम वीस वर्षांचा तरुण; त्याने सुलतानाच्या मध्यावर घोडदळ घातले आणि तो तेथेच पडला. एका घोडदौडीने दोन सिंहासने रिकामी झाली. खेळ सुरू होतो तेव्हा पोलंडच्या गादीवर राजा नसतो, आणि लिथुआनियाचा अधिपती असलेल्या त्याच्या धाकट्या भावाला बोलावून दोन्ही राज्ये एका सूत्रात आणावयाची की नाही, हा निर्णय खेळाडूपुढे येतो. इतिहासात काझिमिर १४४७ मध्ये पोलंडचा राजा झाला. ज्या अपघाताने हे सर्व घडले तो खेळाच्या कक्षेबाहेर, फक्त एका दिवसाने मागे राहिलेला आहे. खेळाडूला तो टाळता येत नाही. त्याच्या परिणामांची व्यवस्था तेवढी लावता येते. आरंभासाठी याहून समर्पक तिथी निवडणे कठीण होते.

पुढेही हे दैव पाठ सोडीत नाही. प्रत्येक राजाच्या प्रशासकीय, राजनैतिक व लष्करी अशा तीन गुणांना शून्यापासून सहापर्यंत अंक असतात आणि वारसाचे अंक बहुशः दैवाधीन असतात. दरमहा प्रत्येक प्रकारचे मूळ तीन गुण राज्याला मिळतात व राजाच्या अंकाइतके त्यांत मिळविले जातात. म्हणजे शून्याचा राजा आणि सहाचा राजा ह्यांच्या वीस वर्षांच्या कारकिर्दीत एकाच प्रकारात १,४४० गुणांचे अंतर पडते. तंत्रविद्येच्या एका पायरीची मूळ किंमत सहाशे गुण आहे, हे लक्षात घेतले म्हणजे एका मंदबुद्धी वारसाचा अर्थ काय होतो, ते समजते. खजिना भरलेला असो वा फौज सज्ज असो, दोन पायऱ्यांहून अधिकची उणीव भरून काढणे सोपे नसते.

हा अन्याय आहे, अशी तक्रार केली जाते. परंतु वंशपरंपरागत राजसत्तेचे स्वरूपच असे होते. महत्त्वाचा मुद्दा असा की, खेळ ह्या दैवापुढे खेळाडूला हतबल ठेवीत नाही. त्याच्या हाती संस्था देतो. पगारी सल्लागार नेमून राजाची उणीव काही अंशी भरून काढता येते. प्रजासत्ताक राज्यात अधिपती निवडला जातो, त्यामुळे तेथे जन्माचा फासा जवळजवळ नाहीसा होतो. मात्र त्याच माणसाला पुनःपुन्हा निवडले तर प्रजासत्ताकाची परंपरा क्षीण होत जाते आणि शेवटी ते राजेशाहीकडे झुकते. अशा रीतीने राज्यपद्धती ही दैवाची व्यवस्था लावण्याची एक रीत आहे, हा राज्यशास्त्रीय विचार नियमांतून आपोआप प्रकट होतो. कोणत्याही स्पष्टीकरणात्मक मजकुरापेक्षा तो अधिक परिणामकारक ठरतो.

ह्याच नियमांतून एक विपरीत प्रथाही निघाली आहे. नालायक वारसाला सेनापती करून मुद्दाम रणांगणावर धाडावयाचे आणि त्याच्या मृत्यूची वाट पाहावयाची, ही युक्ती जाणत्या खेळाडूंत परिचित आहे. नियमांच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. परंतु येथे योजना स्वतःच्या वंशाकडे केवळ अंक म्हणून पाहू लागते, आणि जो राजा म्हणून खेळाडू खेळत असतो त्या राजाचे मन खेळातून नाहीसे होते. ही उणीव त्याच संस्थेच्या 'क्रुसेडर किंग्ज'च्या २०२० मधील तिसऱ्या आवृत्तीत बरीचशी भरून निघाली आहे. तेथे राज्याऐवजी माणूस केंद्रस्थानी आहे. दयाळू राजाने क्रौर्य केले, तर त्याच्या मनावरील ताण वाढत जातो व अखेर तो खचतो. राजा मेला की खेळाडू त्याच्या वारसाच्या भूमिकेत शिरतो, आणि वाटणीच्या वारसाहक्कामुळे पित्याने जोडलेले राज्य भावाभावांत विभागले गेलेले पाहतो. योजना करणारा हाही दैवाचाच एक भाग आहे, त्याचा स्वभाव त्याने निवडलेला नाही, ही जाणीव तेथे प्रथमच खेळाचा नियम बनते.

४

तिसऱ्या प्रकारचे दैव मात्र वेगळ्या परीक्षेस पात्र आहे. 'युरोपा युनिव्हर्सालिस'मध्ये 'भाग्यवान राष्ट्रे' नावाची एक योजना आहे. ऑटोमन, फ्रान्स, कॅस्टिल इत्यादी काही राज्ये जेव्हा संगणक स्वतः चालवितो, तेव्हा त्यांना काही जादा सवलती मिळतात. खेळाडूने तेच राज्य हाती घेतले की त्या सवलती लाभत नाहीत. ही राष्ट्रे इतिहासाप्रमाणे ठरवावी, फाशाने ठरवावी, की मुळीच ठरवू नयेत, असे तीन पर्याय दिलेले आहेत.

ह्यांतील इतिहासाप्रमाणे ठरविलेले भाग्य हे शब्दाच्या कोणत्याही अर्थाने भाग्य नव्हे. जे राष्ट्र प्रत्यक्ष इतिहासात मोठे झाले, ते मोठे व्हावे म्हणून त्याला आधीच बळ दिले जाते आणि त्या बळाला दैव असे नाव दिले जाते. निकालच कारणाच्या जागी बसविला जातो. ई. एच. कार ह्यांनी १९६१ मधील आपल्या व्याख्यानांत क्लिओपात्राच्या नाकाच्या प्रसिद्ध उदाहरणाचा परामर्श घेताना असे मत मांडले की, आकस्मिक कारणे खरी असली तरी त्यांवरून सामान्य सिद्धान्त निघत नाही, म्हणून इतिहासकाराला त्यांचा उपयोग नाही. कार ह्यांचे हे मत सर्वांना मान्य नाही. परंतु त्यांच्या विरोधकांनाही हे मान्य व्हावे की, यशाचे कारण म्हणून 'यशस्वी होण्याचे भाग्य' पुढे करणे हे कारण सांगणे नव्हे, तर कारण सांगण्याचे टाळणे आहे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. सवलती नसतील, तर शंभर वर्षांत नकाशा ओळखू येणार नाही, ऑटोमन साम्राज्य एखाद्या लहान शेजाऱ्याच्या पोटात गडप होईल, आणि इतिहासाचा आभासच नष्ट होईल. आक्षेप व्यावहारिक दृष्ट्या खरा आहे. पण त्याचे उत्तर खेळातच आहे. प्रत्येक महत्त्वाच्या राज्याला भूगोल, उत्पन्न, धर्म, लष्करी परंपरा व खास राष्ट्रीय धोरणे ह्यांच्या रूपाने वैशिष्ट्ये दिलेलीच आहेत. ऑटोमनांच्या उत्कर्षाची कारणे तेथे नियमांच्या रूपाने उपस्थित आहेत. ती अपुरी पडत असतील तर नियम सुधारावयास हवेत. अपुऱ्या कारणमीमांसेला भाग्याचे ठिगळ लावून काम भागते, पण ज्ञान होत नाही. ह्याउलट कॅस्टिल व आरागॉन ह्यांच्या राजविवाहाचा प्रसंग पाहावा. इतिहासात इसाबेला व फर्डिनंड ह्यांचा विवाह १४६९ मध्ये झाला. खेळात तो प्रसंग ठराविक अटी पूर्ण झाल्या तरच घडतो. त्या जुळल्या नाहीत तर घडत नाही. येथे योगायोगाला योगायोग म्हणूनच वागविले आहे, आणि म्हणून स्पेनचे ऐक्य अपरिहार्य नव्हते, ही ऐतिहासिक जाणीव टिकून राहते.

ह्या भेदाचे महत्त्व मराठी वाचकाला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. खेळाची कालमर्यादा १८२१ पर्यंत आहे. त्यामुळे आरंभीच्या नकाशातील बहमनी राज्यापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंतचा दख्खनचा सारा काळ तिच्यात येतो, आणि मराठ्यांचे राज्य स्थापन करण्याची वाटही खेळाने ठेवलेली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली आणि रणाचे पारडे फिरले, ही घटना पिढ्यान्‌पिढ्या दैवाचा घाला म्हणून सांगितली गेली. गोळी हा योगायोगच होता. पण त्याआधी, डिसेंबर १७६० मध्ये, गोविंदपंत बुंदेले मारले गेले होते, रसद तुटली होती, आणि उपाशी फौजेला लढाईवाचून गत्यंतर उरले नव्हते. गोळीचे बीज पडले ते ह्या क्षेत्रात. अब्दालीच्या राज्याला 'भाग्यवान' ठरवून पानिपताचा उलगडा केला असता, तर जसे कोणाही अभ्यासकाचे समाधान झाले नसते, तसेच ऑटोमनांच्या बाबतीतही होता कामा नये.

५

दैवाच्या ह्या तीन प्रकारांचा विचार करताना योजनेचीही फेरतपासणी करावी लागते. खेळाडू ज्याला आपली योजना म्हणतो, तिच्यात पूर्वज्ञानाचा अंश किती असतो? १४४४ मध्ये अटलांटिकपलीकडे काय आहे, हे पोर्तुगालच्या दरबारात कोणालाही ठाऊक नव्हते. खेळाडूला ते ठाऊक असते, आणि पहिल्याच वर्षापासून तो त्या दिशेने तयारी करतो. ह्याला दूरदृष्टी म्हणता येत नाही. ही परीक्षेपूर्वी हाती आलेली प्रश्नपत्रिका आहे. त्यात भर म्हणजे, एखादी लढाई हरली तर आधी जपून ठेवलेल्या स्थितीकडे परत जाऊन फासा पुन्हा टाकता येतो. मग दैवही जाते आणि योजनाही जाते. राहतो तो फक्त हट्ट.

खेळाच्या रचनाकारांना ह्या दोषांची जाणीव असावी असे दोन उपाय तेथे आढळतात. 'आयर्नमॅन' पद्धतीत एकच नोंद सतत पुढे लिहिली जाते, त्यामुळे केलेले पुसता येत नाही. दुसरा उपाय अधिक मार्मिक आहे. २०१४ च्या जानेवारीत निघालेल्या 'कॉन्क्वेस्ट ऑफ पॅराडाइज' ह्या पुरवणीने नवे जग प्रत्येक वेळी निराळ्या आकाराचे निर्माण करण्याचा पर्याय दिला. पश्चिमेकडे निघालेल्या नाविकाला तेथे भूमी कोठे सापडेल व केवढी सापडेल, हे आता खेळाडूलाही माहीत नसते. नकाशा इतिहासाशी जुळत नाही, परंतु त्या नाविकाची मनःस्थिती जुळते. भाग्यवान राष्ट्रांच्या योजनेत दैवाच्या नावाखाली अनिश्चितता काढून घेतलेली आहे. येथे फाशाच्या साहाय्याने ती परत दिलेली आहे. एकाच खेळात हे दोन परस्परविरोधी प्रयोग शेजारी शेजारी नांदतात, आणि इतिहासाशी प्रामाणिक राहणे म्हणजे काय ह्याविषयी रचनाकारांचे मन द्विधा असल्याचे त्यावरून दिसते. इतिहासातील घटना पुन्हा घडविणे हा एक प्रामाणिकपणा. त्या घटना घडण्यापूर्वी माणसे ज्या अज्ञानात निर्णय घेत होती ते अज्ञान पुन्हा निर्माण करणे हा दुसरा. दोन्ही एकदम साधत नाहीत. व्यूहखेळाला जर इतिहासाच्या अभ्यासात काही स्थान मागावयाचे असेल, तर ते दुसऱ्याच्याच बळावर मागता येईल; कारण घटना ग्रंथांतून अधिक चांगल्या कळतात, निर्णयाचा पेच मात्र ग्रंथाच्या वाचकाला शेवट ठाऊक असल्यामुळे सहसा जाणवत नाही.

तात्पर्य, दैव श्रेष्ठ की योजना, हा वाद ह्या खेळांच्या संदर्भात चुकीच्या ठिकाणी उभा केला जातो. मोजता येणारा फासा योजनेला राखीव बळाचा धडा देतो. जन्ममरणाचा फासा तिला संस्था उभारावयास लावतो. ह्या दोहोंना वगळून केलेली योजना ही हिशेबाची करामत ठरेल. दोष आहे तो दैवाच्या नावाने निकाल आधीच ठरवून ठेवण्यात, आणि तितकाच, योजनेच्या नावाने तो निकाल आधीच ठाऊक असण्यात. पहिल्यात राष्ट्रांची जबाबदारी हरवते, दुसऱ्यात खेळाडूची. वार्नाच्या दुसऱ्या दिवशी राजाविना उभ्या असलेल्या पोलंडची सूत्रे हाती घेणाऱ्याला मात्र ह्या दोन्ही जबाबदाऱ्या काही काळ तरी जाणवतात. मागील दिवसाचा अपघात त्याला बदलता येत नाही, लिथुआनियाच्या अधिपतीला बोलवावे की नाही हे त्यालाच ठरवावे लागते, आणि पुढचा वारस कसा निपजेल हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. 'युरोपा युनिव्हर्सालिस' ज्या ज्या ठिकाणी खेळाडूला अशा स्थितीत आणून सोडतो, त्या त्या ठिकाणी तो इतिहासाच्या सर्वांत जवळ असतो.